काट्याला पासिंग लागतं, कॉम्प्युटरला का नाही?

“चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?”

अण्णांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. पुढे कित्येक वर्षं मीही ते गिऱ्हाइकांना ऐकवलं. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ आणि सारोळा यांच्या मधे आमचं किकवी. इथे आणि आसपासच्या गावांत मी गेली वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सेवा केंद्र, पतसंस्था, शाळेचं ऑफिस, खताचं दुकान, लग्नपत्रिका छापणारे, सगळीकडे जाणं-येणं. हे काम मी अण्णांच्या हाताखाली शिकलो, आणि त्यांच्याकडून एक सवय उचलली. फॉरमॅट मारून विंडोज टाकली, ड्रायव्हर टाकले, की ‘सर्व्हिसेस’ उघडायची आणि ‘विंडोज अपडेट’ डिसेबल करून टाकायचं. मोटारसायकल धुतली की चेनला ऑइल सोडतात, तसा तो कामाचाच भाग. गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत नव्हती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली, म्हणजे तिचे नेहमीचे फुकट अपडेट थांबले, आणि अपडेट करायचे की नाही हा वाद चहाच्या टपरीवर पुन्हा निघाला. अण्णांचं म्हणणं तेच. या वेळी माना डोलावणारे जास्त होते आणि त्यांतले निम्मे सेवा केंद्र चालवणारे होते. मी तिथे अर्धवटच बोललो. अण्णांना तोंडावर उलट बोलायची माझी अजून हिंमत होत नाही, म्हणून लिहितो आहे.

त्यांची बाजू मुद्दाम लंगडी करून मांडावी आणि मग ती पाडावी, हे मला जमणार नाही. त्यांचे मुद्दे चार. एक, आपल्यासारख्यांच्या कॉम्प्युटरकडे कोण बघतंय. दोन, अपडेटनेच मशीन बिघडतं. तीन, हा सगळा कंपन्यांचा नवा माल खपवायचा डाव आहे. चार, जुन्या मशीनवरचं काम नव्यावर चालत नाही. पाचवंही एक कारण आहे. ते कोणी बोलून दाखवत नाही, पण मी त्याच्यावरही बोलणार आहे.

पहिल्या मुद्द्याला टपरीवर हमखास हशा मिळतो. “अमेरिकेतला हॅकर काय भोर तालुक्यात आठ-अ चा उतारा चोरायला येणार आहे?” विनोद चांगला आहे. त्यामागचं गृहीत मात्र असं, की चोर आधी घर हेरतो आणि मग येतो. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने कोणाचंच घर हेरलं नव्हतं. तो एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की इंटरनेटवरचे पत्ते मनाला येतील तसे तयार करायचा आणि प्रत्येक पत्त्यावर फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं दार लोटून बघायचा. दार लोटलं गेलं की आत. मग फाइलींना कुलूप आणि स्क्रीनवर खंडणीची लाल पाटी. पत्ता लंडनच्या हॉस्पिटलचा आहे की किकवीतल्या झेरॉक्सच्या दुकानाचा, हे त्याला कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एकोणीस हजारांवर अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांच्या अहवालात आहे. त्या रुग्णांशी कोणाचं वैर नव्हतं. फक्त दार लोटलं गेलं.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. २७ जून २०१७, न्हावा शेवा. जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होतं. त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने मर्स्कचे जगभरातले कॉम्प्युटर आडवे केले आणि या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कुठला कंटेनर कोणाचा आणि तो कोणत्या जहाजावर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर क्रेन आणि ट्रेलर असून नसल्यासारखे. हा हल्ला मुळात होता युक्रेनवर. तिथल्या कंपन्या हिशेबासाठी आणि कर भरण्यासाठी ‘एम.ई.डॉक’ नावाचं सॉफ्टवेअर वापरत. त्यातून तो सोडलेला होता. युक्रेनच्या हिशेबनिसांसाठी पेरलेला सुरुंग रायगड जिल्ह्यात फुटला. मर्स्कला दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्यात कोण कोण आहे याची यादी ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते, एक सोडून. तो घाना देशात होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती, म्हणून वाचला. लाईट गेल्याचा एवढा फायदा आमच्या भोर तालुक्यालाही कधी झाला नसेल.

तेव्हा “आपल्याला कोण हॅक करणार” हा प्रश्नच चुकीचा आहे. विंचू माणूस बघून डंख मारत नाही. पाय पडला की मारतो.

“म्हणजे जुनी विंडोज वाईट, एवढंच ना?” असा एकाचा पुढचा प्रश्न होता. तेही नाही. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता. हल्ला झाला १२ मे ला. मधे ५९ दिवस होते. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या मोजणीत लागण झालेल्या मशीनांत जवळजवळ सगळी विंडोज ७ ची निघाली, एक्सपीची अगदी नगण्य. आणि विंडोज ७ तेव्हा जिवंत होती. तिची मुदत जानेवारी २०२० पर्यंत होती, अपडेट फुकट होता. त्याआधी २००८ मध्ये ‘कॉनफिकर’च्या वेळीही हेच झालं. अपडेट ऑक्टोबरात आला, किडा नोव्हेंबरात. या दोन्ही वेळी जे अडकले ते विंडोजच्या म्हातारपणामुळे अडकले नाहीत. कोणीतरी ‘नंतर आठवण करा’ दाबलं होतं, किंवा माझ्यासारख्या कोणीतरी ‘डिसेबल’ करून ठेवलं होतं.

“पण माझं मशीन पाच वर्षांपूर्वी जसं होतं तसंच आहे, मग धोका वाढला कसा?” हा प्रश्न खरा चांगला आहे. एकाच गवंड्याने एका आळीत दहा घरं बांधली आहेत असं समजा. एक दिवस पेपरात छापून येतं, की त्या गवंड्याच्या घरांतल्या मागच्या खिडकीची कडी बाहेरून चाकूने उघडते. नऊ जण कडी बदलतात. दहावा म्हणतो, माझी खिडकी काल होती तशीच आहे. खिडकी तशीच आहे, खरं. पण काल ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती, आज सगळ्यांना आहे. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असे अपडेट सोडते. ते बाहेर पडले की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते बघणारे लोक असतात, आणि ते सगळेच सज्जन नसतात. विंडोज १० आणि ११ चा बराचसा कोड एकच आहे. त्यामुळे ११ साठी आलेला अपडेट म्हणजे मुदत संपलेल्या १० मधल्या भोकाचा नकाशाही असू शकतो. हात न लावता ठेवलेलं मशीन अशा रीतीने दर महिन्याला थोडं थोडं उघडं पडत जातं.

आता दुसरा मुद्दा. अपडेटने मशीन बिघडतं. इथे मी अण्णांच्या बाजूने साक्ष देतो. २०१६ च्या सुमाराला विंडोज ७ नव्याने टाकली की ‘अपडेट शोधत आहे’ ही हिरवी पट्टी रात्रभर फिरायची, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, पंखा घोंघावतोय, आणि सकाळी बघावं तर पट्टी तिथेच. एक ठरावीक अपडेट आधी हाताने टाकला की गाडी पुढे सरकायची, पण हे कळेपर्यंत कितीतरी रात्री गेल्या. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या, कंपनीला तो मागे घ्यावा लागला. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला मिळालेल्या शेवटच्या फुकट अपडेटने तर काही जणांचा वॉलपेपर काळा पडला, आणि मुदत संपल्यावरही कंपनीला त्याची दुरुस्ती द्यावी लागली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि नॉटपेट्या? तो तर एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच सोडलेला होता. अण्णा इथे टाळी मागतील. मी देतो.

टाळी देऊन झाल्यावर हिशोब करू. अपडेटने बिघडलेलं मशीन तुमच्या समोर बिघडतं. स्क्रीन निळी पडते, तुम्ही मला फोन करता, शिव्या देता, मी येतो. क्राउडस्ट्राइकच्या वेळीही एक फाइल काढून टाकली की मशीन उठत होतं. कोणाची माहिती त्यात चोरीला गेली नाही. अपडेट न केलेलं मशीन फुटतं तेव्हा बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मशीन ‘चालतंय’ असंच दिसतं. नॉटपेट्यातून अण्णा जो धडा घेतात तोही अर्धाच आहे. पहिलं मशीन त्या अपडेटने पडलं, हे कबूल. पुढे तो पसरला मात्र वॉनाक्रायच्याच भोकातून, जे मार्चमध्ये बुजवता आलं असतं. पडलेल्या मशीनमधून ॲडमिनचा पासवर्ड उचलून तो अपडेट केलेल्या मशीनमध्येही शिरला, म्हणजे अपडेट केलं की सगळं निर्धास्त, असंही नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘मग करूच नका’ हा नाही. हेल्मेट घालूनही माणसं दगावतात, म्हणून हायवेवर हेल्मेट काढून ठेवायचं का?

बिघाडाच्या भीतीवर उपाय साधा आहे. अपडेट आल्या दिवशी नका टाकू, आठ दिवस थांबा. दुकानात तीन मशीन असतील तर आधी एकावर टाका. आणि त्याआधी बॅकअप घ्या, जो तुम्ही अपडेट न करताही घ्यायलाच हवा. आठ दिवस थांबणं ही सावधगिरी. आठ वर्षं थांबणं हा निव्वळ आळस, आणि आपण त्याला अनुभवाचं नाव देतो.

तिसरा मुद्दा कंपनीच्या डावाचा. यात मला अण्णांपेक्षा जास्त राग आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६-१७ मध्ये घेतलेली, एसएसडी टाकली तर आजही उत्तम पळणारी कितीतरी मशीन या एका अटीने बाद झाली. त्यांतली काही मीच विकलेली आहेत आणि त्यांच्या मालकांना तोंड दाखवताना मला संकोच वाटतो. हा डाव आहे की सुरक्षेची खरी गरज, यावर तज्ज्ञांनी भांडावं. शेतकऱ्याच्या खिशातून पैसा जातो, एवढं मला दिसतं.

पण डाव ओळखला तर डावाला उत्तर द्यायचं असतं. आपण हातपाय गाळून बसतो आणि त्याला विरोध म्हणतो. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला, तर पैसेही लागत नाहीत. माझ्या ओळखीच्या किती जणांनी हे केलं? एका हाताची बोटं पुरतील. ज्याला कंपनीच नको त्याला लिनक्स आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं त्यावर चालतात. सेवा केंद्रात अंगठ्याच्या मशीनचे आणि डिजिटल सहीचे ड्रायव्हर आडवे येतात, हे मला माहीत आहे. पण ज्या मशीनवर फक्त टायपिंग, हिशोब आणि ब्राउझर चालतो, तिथे तर काही अडत नाही. कंपनीवरचा राग काढायचे इतके मार्ग असताना आपण निवडलेला मार्ग कोणता, तर गिऱ्हाइकाचं आधार कार्ड उघड्यावर ठेवणं. यात कंपनीचं काय बिघडलं?

चौथा मुद्दा मात्र मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. आमच्या भागात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडे अजून एक्सपी आहे. त्याचं सगळं काम पेजमेकरमध्ये आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. वीस वर्षांच्या पत्रिका त्याच फाइलींत. “आमच्या येथे श्रीकृपेकरून” पासून “वाजत गाजत” पर्यंतचे सगळे साचे तयार, फक्त नावं, तिथी आणि कार्यालय बदलायचं. त्या फाइली युनिकोडच्या नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरचा डोंगल लागतो मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टला, आणि ते पोर्ट नव्या मशीनला नाही. त्याला “नवं घे” म्हणणं म्हणजे वीस वर्षांचा धंदा पुन्हा टाइप कर म्हणणं.

त्याच्यासाठी मी एक उद्योग केला होता. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. पण बिलिंगच्या काउंटरवर चालणारी ‘पॉसरेडी २००९’ ही एक्सपीचीच सख्खी बहीण, आणि तिला एप्रिल २०१९ पर्यंत अपडेट मिळणार होते. रजिस्ट्रीत एक नोंद टाकली की एक्सपी स्वतःला पॉसरेडी म्हणवायची आणि ते अपडेट घ्यायची. मी ती नोंद टाकली, मशीन रीस्टार्ट केलं, आणि घड्याळाशेजारी कित्येक दिवसांनी ती पिवळी ढाल पुन्हा उगवली. अण्णा शेजारी उभे होते. म्हणाले, “मेलेल्याला सलाइन लावतोस व्हय?” कंपनीनेही तेव्हा बजावलं होतं, की हे अपडेट एक्सपीसाठी तपासलेले नाहीत, तुमच्या जबाबदारीवर टाका. आम्ही टाकले. मशीन पाच वर्षं नीट चाललं. २०१९ मध्ये ही वाट बंद झाली, त्याच वर्षी मे महिन्यात ‘ब्लूकीप’ नावाच्या भोकासाठी एक्सपीला अपवाद म्हणून एक शेवटचा अपडेट मिळाला, तोही हाताने टाकला. आणि त्यानंतर मी त्या मशीनमधून नेटची केबल काढली. काढली म्हणजे भिंतीतूनच काढली, नाहीतर पोराने परत लावली असती. आता ते मशीन फक्त पत्रिका जुळवतं. पीडीएफ पेन ड्राइव्हवर शेजारच्या मशीनवर जाते, आणि तो पेन ड्राइव्ह एक्सपीत परत शिरण्याआधी तिथेच तपासला जातो.

तेव्हा जुनं मशीन ठेवायला माझी ना नाही. जुनं ठेवा आणि नेटपासून तोडा. नेट हवं असेल तर अपडेट होणारं घ्या. जुनंही हवं, नेटही हवं आणि अपडेट नको, हे तिन्ही एकदम मिळणार नाही. आणि “चालतंय” हेही फार दिवस खरं राहत नाही. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९ नंबरचं, जानेवारी २०२३ मधलं. त्यानंतर वेबसाइट बदलत जातात आणि तुमचा ब्राउझर तिथेच उभा राहतो. मग बटण दाबलं जात नाही, पान अर्धंच उघडतं, आणि आपण म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे.

आता ते पाचवं, न बोलायचं कारण. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनांवर विंडोज परवान्याची नाही. पेन ड्राइव्हवरून आली, कोणीतरी ‘ॲक्टिव्हेटर’ चालवला, झालं. अपडेट चालू ठेवले तर एक दिवस स्क्रीन काळी होईल आणि कोपऱ्यात ‘ही प्रत अस्सल नाही’ असं येईल, या भीतीने आम्ही मेकॅनिक लोक अपडेट बंद करत आलो. अण्णांनी मला ती सवय लावली ती याच्यासाठी. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं, “अपडेटने मशीन स्लो होतं.” मीही सांगितलं. यातली खरी गंमत अशी, की विंडोज ७ च्या वेळी मायक्रोसॉफ्टचं जाहीर धोरण होतं, की परवाना नसलेल्या प्रतींनाही सुरक्षेचे अपडेट मिळतील. कारण फुटलेलं मशीन शेजाऱ्यालाही फोडतं, हे त्यांना कळत होतं. म्हणजे आमची भीती एका पाटीची होती आणि त्यासाठी आम्ही दारच उघडं ठेवलं. आणि तो ॲक्टिव्हेटर? तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो. यापुढे मी काही बोलायची गरज नाही.

चारही मुद्द्यांना उत्तर दिलं, पाचवा कबूल केला. पण अण्णांशी माझा खरा वाद यांतल्या कशावरच नाही. तो ‘माझं मशीन’ या शब्दांवर आहे.

जुलै २०२४ आठवा. लाडकी बहीण योजनेचे अर्ज. सेवा केंद्रांसमोर सकाळपासून बायकांच्या रांगा, छत्र्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली कागदपत्रं. त्या दिवसांत एका केंद्राचं मशीन हँग होतं म्हणून मला बोलावलं. मी डेस्कटॉप बघितला. वॉलपेपर दिसतच नव्हता. ‘आधार’, ‘आधार १’, ‘आधार नवीन’, ‘पासबुक मागची बाजू’, ‘रेशन २’, ‘फोटो क्रॉप’. एकावर एक, ओळीने, स्क्रीन भरून आणि खाली फोल्डरात आणखी. कोणाचं खातं कुठल्या बँकेत, मोबाईल नंबर काय, जन्मतारीख काय, सगळं एका जागी. मशीन विंडोज ७ चं. शेवटचा अपडेट कधीचा म्हणून बघायला गेलो तर यादी रिकामी. अपडेट डिसेबल होते. ते मीच केले होते, काही वर्षांपूर्वी, त्याच खुर्चीवर बसून.

त्या रांगेतल्या एकाही बाईला कोणी विचारलं नव्हतं, की तुमचं आधार आम्ही उघड्या मशीनवर ठेवतोय, चालेल का? केंद्रचालकाने धोका पत्करला नव्हता. मीही नाही. आम्ही तो त्या बायकांच्या नावावर टाकला होता. उद्या एखादीच्या खात्यातून पैसे गेले, तर ती १९३० ला फोन करील, बँकेत खेटे घालील, आणि चोरी कुठून झाली हे तिला कधी कळणारही नाही. कळत नाही म्हणूनच आमच्यासारख्यांचं “आजवर काही झालं नाही” हे वाक्य टिकून राहतं.

दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा फटका कोणाला बसतो, हे ३१ जुलै २०२४ च्या आसपास देशभरातल्या छोट्या बँकांनी बघितलं. त्यांना सेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेत खंडणी मागणारं रॅन्समवेअर शिरलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ती यंत्रणा बाकीच्यांपासून तोडली, आणि सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय थांबलं. त्या ग्राहकांनी कुठे काय डिसेबल केलं होतं?

याला आपल्या बाजारात फार जुना उपाय आहे. किराणा दुकानदाराचा काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याचं दर वर्षी वैधमापनवाल्यांकडून पासिंग होतं, शिक्का बसतो आणि प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं लागतं. दुकानदार म्हणू शकतो का, “काटा माझा आहे, चालतोय, हात कशाला लावता”? काटा चालतोच. तो बरोबर चालतो की नाही, हे गिऱ्हाइकाला नुसतं बघून कळत नाही, आणि चुकला तर तोटा गिऱ्हाइकाचा. दुकानात ठेवलेली वस्तू दुकानदाराचीच, पण तिची चूक दुसरा भोगतो, म्हणून तिला पासिंग आहे. २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेने हाच न्याय एटीएमला लावला. मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीवरची एटीएम टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत सगळी बदला, असं बँकांना बजावलं. एटीएम तर चालतच होती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे. दुसऱ्याची माहिती सांभाळायची तर वाजवी सुरक्षा ठेवलीच पाहिजे, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आमच्या केंद्रांपर्यंत तो कायदा कधी आणि कसा पोचेल ते पोचो. सेवा केंद्रात बोर्ड आणि दरपत्रक लावलेलं असतं. कॉम्प्युटरच्या शेवटच्या अपडेटची तारीख कोणी विचारल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

म्हणून मी एक गोष्ट सुरू केली आहे. ज्या केंद्रांचं काम माझ्याकडे आहे, तिथे मॉनिटरच्या कडेला एक छोटा कागद चिकटवतो. त्यावर तीनच ओळी: कोणती विंडोज, मुदत कधीपर्यंत, शेवटचा अपडेट कधी. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतर आठ दिवसांनी तारीख बदलायची. ज्या मशीनची मुदत संपली त्यावर लिहायचं, ‘नेट नाही’. सुरुवातीला चालकांनी नाकं मुरडली. गिऱ्हाइकाला काय कळतंय, म्हणाले. परवा पीएम किसानचं केवायसी करायला आलेल्या एका आजोबांनी चष्मा सारखा करून तो कागद वाचला आणि विचारलं, “हे काय रं?” चालक म्हणाला, “काही नाही बाबा, काट्याचं पासिंग असतंय ना, तसं.” आजोबांनी तारीख पुन्हा बघितली, मान हलवली आणि अंगठा पुढे केला.

अण्णा, तुमच्या दुकानातल्या मशीनलाही तो कागद लावायचा आहे. मोकळा ठेवून आणतो. तारीख तुम्ही लिहा.